वजनाने भागून भागत नाही

देशातील विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी ठरावीक साच्यातून निघते. अमुक वनस्पतीचा अर्क, अमुक रेणू किंवा अमुक जनुकातील बदल. त्यामुळे उंदीर बारीक झाले. त्यांचा चयापचय ‘पेटला’. लठ्ठपणावर आणि मधुमेहावर नवा उपाय आता दृष्टिपथात. बातमीसोबत आलेख असतो. त्यात दोन स्तंभ, एक ठेंगणा व एक उंच, आणि उंच स्तंभाच्या डोक्यावर तारका. उभ्या अक्षाला बिलगून बारीक अक्षरांत एकक छापलेले असते : प्राणवायू, मिलिलिटर, दर किलोग्रॅम, दर तास. वाचक तारका पाहतो, एकक पाहत नाही. आणि सारी गोम त्या एककात असते. प्रयोगशाळेतील साधा उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमांचा, आणि लठ्ठातला लठ्ठ उंदीरही किलोच्या आसपास फिरकत नाही. किलोभराचा उंदीर आजवर कोणी पाहिलेला नाही. शोधनिबंधांत मात्र श्वास घेतो तो हाच.

मोजमापाबद्दल तक्रार नाही. बंद पेटीत उंदीर ठेवतात, पेटीत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील प्राणवायू आणि कर्बवायू अहोरात्र मोजतात, आणि त्यावरून त्याने दिवसभरात किती ऊर्जा खर्चली ते काढतात. एक लिटर प्राणवायू वापरला गेला म्हणजे सुमारे पाच किलोकॅलरी खर्च झाल्या, हा हिशेब दीर्घकाळ तपासलेला आहे. यंत्रे महाग आहेत, पण चोख आहेत. घोळ होतो तो यंत्राने आकडा दिल्यानंतर. मोठा उंदीर जास्त खर्चणार, लहान कमी. मग तुलना न्याय्य व्हावी म्हणून संशोधक खर्चाला वजनाने भागतो. वरकरणी यात वावगे काहीच दिसत नाही. बाजारात भाव किलोवरच सांगतात.

एक साधा मांडून पाहिलेला हिशेब घ्यावा. सडपातळ उंदीर २५ ग्रॅमांचा, दिवसाला १० किलोकॅलरी खर्चणारा. लठ्ठ उंदीर ४५ ग्रॅमांचा, १२ किलोकॅलरी खर्चणारा. वजनाने भागले की सडपातळाचा दर ग्रॅमामागे ०.४० येतो आणि लठ्ठाचा ०.२७. निष्कर्ष तयार : लठ्ठ उंदराचा चयापचय एकतृतीयांशाने मंद आहे, म्हणूनच तो लठ्ठ झाला. परंतु प्रत्यक्षात तो सडपातळापेक्षा रोज २ किलोकॅलरी जास्त खर्चत होता! मंदपणा उंदरात कुठेच नव्हता. तो भागाकारात जन्मला. आता या लठ्ठ उंदराला असे औषध द्यावे, की ज्याने त्याची फक्त भूक मरते. तो कमी खातो, ३५ ग्रॅमांवर येतो, खर्च ११ किलोकॅलरींवर उतरतो. पुन्हा भागाकार : ०.२७ चे ०.३१ झाले. खर्च घटला असताना आलेखातील स्तंभ जवळजवळ अठरा टक्क्यांनी उंचावतो. त्याच्यावर तारका चढते, आणि ज्या औषधाने चयापचयाला स्पर्शही केला नाही ते ‘चयापचय पेटवणारे’ म्हणून बातमीत येते.

या तीनही उंदरांचे आकडे एकाच सरळ रेषेवर आहेत. वजन दर ग्रॅमाने वाढले की खर्च ०.१ किलोकॅलरीने वाढतो. पण ही रेषा शून्यातून निघत नाही. ती मागे वाढवत नेली तर उभ्या अक्षाला साडेसातवर छेदते. भागाकार मात्र गृहीत धरतो की रेषा शून्यातूनच निघते. शहरातील रिक्षाचा मीटर ज्याने पाहिला आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. बसल्याबरोबर किमान भाडे लागू होते, पुढे किलोमीटरमागे थोडे थोडे वाढते. एकूण भाड्याला अंतराने भागले तर जवळ जाणारा प्रवासी दर किलोमीटरला जबर पैसे देताना दिसेल आणि दूर जाणारा अगदी स्वस्तात. म्हणून जवळच्या फेरीचा रिक्षावाला लबाड ठरत नाही. किमान भाड्याचा विसर पाडणारा हिशेबनीस तेवढा लबाड, किंवा भोळा.

भागाकाराचे दुसरे गृहीतक याहून विचित्र आहे : शरीराचा प्रत्येक ग्रॅम सारखाच जळतो. माणसाच्या अवयवांचे आकडे पाठ्यपुस्तकांत आहेत. हृदय आणि मूत्रपिंडे दर किलोमागे दिवसाला सुमारे ४४० किलोकॅलरी खर्चतात, मेंदू २४०, यकृत २००. विश्रांत अवस्थेतील स्नायू १३, आणि मेद अवघे साडेचार. म्हणजे शंभरपटींच्या आसपासचा फरक. लठ्ठ उंदराने कमावलेले जादा वजन बहुतांशी मेदाचे असते. ते छेदात पूर्ण वजनाने बसते आणि अंशात जेमतेम भर घालते. अशा छेदाने भागल्यावर लठ्ठ प्राणी ‘मंद’ निघाला नाही तरच नवल. यावर काही चतुर लोक एकूण वजनाऐवजी मेदरहित वजनाने भागतात. रोग कमी होतो, जात नाही; कारण त्या रेषेलाही किमान भाडे असतेच.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. दोन गुणोत्तरांच्या छेदात एकच राशी असली की त्यांच्यात खोटा संबंध उपजतो, हे कार्ल पिअर्सनने १८९७ साली दाखवले. शरीरक्रियाविज्ञानातील आकड्यांना वजनाने किंवा पृष्ठफळाने भागणे कसे फसवे आहे, याची फोड जेम्स टॅनरने १९४९ साली केली. मुलांच्या वाढीच्या टप्प्यांमुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला तोच हा टॅनर. लेप्टिनचा शोध १९९४ साली लागला आणि ओबी/ओबी या लठ्ठ उंदरांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. १९९७ मध्ये जीन हिम्स-हॅगन यांनी या उंदरांचा ऊर्जाखर्च ‘वाढल्या’च्या दाव्यांवर ‘सायन्स’मध्ये बोट ठेवले. २०१० मध्ये अँड्र्यू बटलर आणि लेस्ली कोझाक यांनी ‘डायबेटिस’ या नियतकालिकात जनुकबदल केलेल्या उंदरांवरील निबंधांतून वारंवार होणारी हीच चूक मांडली. २०१२ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये या क्षेत्रातील अनेक जाणत्यांनी एकत्र येऊन मार्गदर्शिका छापली : भागू नका, समाश्रयणाने तुलना करा. पिअर्सनपासून मोजले तर सव्वाशे वर्षे झाली. इतक्या वेळा सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगावी लागत असेल तर तिला अज्ञान म्हणता येत नाही. तिला सवय म्हणावे लागते.

ही सवय आपल्याकडे अधिक खटकण्याचे कारण जबलपूरसारख्या गावात उभे राहिले की स्पष्ट होते. तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ सालचे. २००९ पासून ते नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठाचा भाग आहे. पशुपोषण शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षांत कळते की म्हशीचा चारा तिच्या नुसत्या वजनाच्या प्रमाणात ठरत नाही. चारशे किलोंच्या म्हशीला दोनशे किलोंच्या कालवडीच्या दुप्पट निर्वाह-खुराक लागत नाही. मॅक्स क्लायबर या कॅलिफोर्नियातील पशुपोषणतज्ज्ञाने १९३२ साली मांडलेला वजनाचा पाऊण घात, ‘चयापचयी वजन’ या नावाने, तो तोंडपाठ करतो. क्लायबरचा नियम मुळात उंदरापासून बैलापर्यंतच्या निरनिराळ्या प्राण्यांसाठी आहे. एकाच जातीच्या दोन उंदरांमध्ये, त्यातही एक मेदाने फुगलेला असताना, तो जसाच्या तसा लावणे चूकच. तरीही गोठ्याला जे कळले ते मूषकगृहाला कळू नये, याला काय म्हणावे? पशुपालनाने तर १९६३ सालीच पुढचे पाऊल टाकले. रॉबर्ट कॉख आणि सहकाऱ्यांनी गुरांची कार्यक्षमता खाद्याला वजनवाढीने भागून न ठरवता, वजन व वाढ यांवरून अपेक्षित खाद्य किती ते समाश्रयणाने काढावे आणि प्रत्यक्षात खाल्लेले त्याहून किती कमी-जास्त ते पाहावे, असे सुचवले. उंदरांच्या अभ्यासकांना आज जे शिकवावे लागत आहे ते मुळात हेच.

आणि साधन परदेशातून मागवण्याचीही गरज नव्हती. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचे कृषी-संशोधकांसाठीचे संख्याशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढले. कृषी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्यांनी ते हाताळले आहे. त्यात सहप्रचरणाचे विश्लेषण, म्हणजे आज ज्याला सर्रास ॲन्कोव्हा म्हणतात ते, आहे. खुराकाच्या प्रयोगात जनावरे सुरुवातीला सारख्या वजनाची नसतात; मग त्या वजनाचा परिणाम वजा करून खुराकांची तुलना कशी करावी, हा या पद्धतीचा अगदी घरगुती उपयोग. उंदराच्या ऊर्जाखर्चाचा प्रश्न अक्षरशः तोच आहे. खर्च उभ्या अक्षावर, वजन आडव्या अक्षावर, प्रत्येक उंदीर एक ठिपका; दोन गटांच्या दोन रेषा; आणि प्रश्न एवढाच की एकाच वजनाला एक रेषा दुसरीच्या वर आहे की नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी हे आता फुकट मिळणाऱ्या संगणकीय साधनांनी चहा निवायच्या आत करू शकतो.

मग होत का नाही? बचाव तीन ऐकू येतात. यंत्राचे सॉफ्टवेअर आकडा किलोमागेच देते, हा पहिला. यंत्राने दिले म्हणून घेतले, असे सांगणाऱ्याला संशोधक म्हणण्याऐवजी यंत्राचा लेखनिक म्हणणे योग्य. आधीचे सगळे निबंध असेच आहेत, तुलना कशी करणार, हा दुसरा. आधीच्या निबंधांतील आकडे ज्या कारणाने अविश्वसनीय आहेत तेच कारण नव्या आकड्यांत जपून ठेवल्याने तुलना होते खरी, पण ती दोन चुकांची. तिसरा बचाव उघडपणे कोणी करत नाही, तो समजून घ्यावा लागतो : भागाकाराने तारका मिळते, ॲन्कोव्हाने जाते. हा बचाव सर्वांत प्रामाणिक आहे आणि सर्वांत लाजिरवाणाही.

ॲन्कोव्हा म्हणजे अंगारा नव्हे, हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर एका कर्मकांडाच्या जागी दुसरे बसेल. दोन्ही गटांच्या रेषा समांतर नसतील तर ‘कोणाचा खर्च जास्त’ या प्रश्नाला एक उत्तरच नसते; कोणत्या वजनाला, ते विचारावे लागते. एक गट वीस ते पंचवीस ग्रॅमांचा आणि दुसरा चाळीस ते पन्नासचा असेल, तर मधल्या रिकाम्या पट्ट्यात रेषा ओढणे हा अंदाज असतो, मोजमाप नसते. गटात पाच-सहाच उंदीर असतील तर उतार कोणता आणि योगायोग कोणता हे सांगता येत नाही. सगळ्यांत अवघड अडचण वेगळीच आहे. जनुकबदलानेच वजन बदलले असेल, तर वजन हा बाहेरचा अडथळा राहत नाही, परिणामाचाच भाग होतो. तो वजा केल्यावर नेमके काय शिल्लक राहिले याचा विचार संशोधकाला स्वतःच्या डोक्याने करावा लागतो. म्हणून जाणते लोक उंदरांची वजने दुरावण्याआधी, कोवळ्या वयातच मापे घेतात. ओबी/ओबी उंदरात लठ्ठपणाआधीच शरीराचे तापमान राखण्यात उणीव असते, ही खरी गोष्ट अशाच मोजणीतून पाहावी लागते. भागाकारातून ती ‘सिद्ध’ झाल्यासारखी दिसली तरी तो पुरावा नव्हे. वजन घटवणाऱ्या औषधाच्या प्रयोगात आणखी एक गट हवा, ज्याला औषध नाही, पण औषध घेतलेला उंदीर जेवढे खातो तेवढेच खायला मिळते. हा गट अनेक निबंधांत नसतो. त्याच्या अनुपस्थितीबद्दल तारका काही बोलत नाही.

तापमानाचा प्रश्नही याला जोडून येतो. माणसाला सुखद वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत उंदीर थंडीने कुडकुडत असतो. त्याला सुखाचे तापमान ३० अंशांच्या आसपासचे. २२ अंशांना त्याच्या खर्चाचा मोठा वाटा केवळ ऊब राखण्यात जातो, आणि अंगकाठी लहान असेल तर अधिकच. आपल्याकडील प्राणिगृहांच्या मार्गदर्शक नियमांत १८ ते २९ अंश ही मुभा आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वातानुकूलन यंत्र कोणत्या आकड्यावर लावले आहे यावर तेथल्या उंदराचा चयापचय ठरेल. निबंधात तो आकडा ‘नियंत्रित तापमान’ या दोन शब्दांत उरकलेला असतो.

कोणी म्हणेल, उंदरांच्या हिशेबावर एवढे रक्त आटवण्याचे कारण काय? कारण भागाकाराची ही खोड उंदरांपाशी थांबत नाही. माणसाच्या विश्रांत ऊर्जाखर्चासाठी १९८५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-अहवालात समीकरणे दिली होती. अठरा ते तीस वयाच्या पुरुषासाठी : वजन गुणिले १५.३, अधिक ६७९. ते ६७९ म्हणजे आपल्या रिक्षाचे किमान भाडे. सत्तर किलोंच्या पुरुषाला त्यानुसार १,७५० किलोकॅलरी येतात, पंचेचाळीस किलोंच्या पुरुषाला सुमारे १,३६८. किलोमागे काढले तर पहिल्याचे २५ आणि दुसऱ्याचे ३० च्या वर. आता या पंचेचाळीस किलोंच्या माणसाच्या जागी मंडला किंवा डिंडोरीतील एखादा बैगा किंवा गोंड शेतमजूर ठेवावा. एकूण आकडा हाती असलेला म्हणेल, याला कमीच लागते, शिधा कमी दिला तरी चालेल. किलोमागचा आकडा हाती असलेला म्हणेल, याचा चयापचय जातिवंतच तेज आहे. दोघांच्या हाती एकाच समीकरणाची दोन टोके आहेत, आणि त्या माणसाच्या पोटाबद्दल दोघांनाही काही कळलेले नाही. जबलपुरात १९८४ पासून आदिवासी आरोग्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संशोधनसंस्था आहे. म्हणूनच तेथील तरुण अभ्यासकाला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये.

महाराष्ट्राने हा वाद एकदा पाहिलेला आहे. त्याच सुखात्म्यांनी निवृत्तीनंतर पुण्यातून मांडले, की शरीर आपला खर्च काही मर्यादेत जुळवून घेते, त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही. वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी कडवा वाद घातला. सुखात्म्यांचा मुद्दा एकाच माणसातील दिवसागणिक चढउताराचा होता, भागाकाराचा नव्हे, आणि संख्याशास्त्रज्ञ म्हणून तो गंभीर होता. पण १९८२ मध्ये त्यांनीच संपादित केलेल्या पुण्याच्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली, आणि खुजेपण ही जणू काटकसरी निसर्गाची देणगी ठरू लागली. सी. गोपालन यांनी तिच्यावर प्रखर टीका केली. भारतीयांचा चयापचय वंशानेच मंद असतो हा दुसरा जुना समज. १९९८ साली भारत आणि ऑस्ट्रेलियातील आकडे शरीररचनेचा हिशेब धरून तपासल्यावर त्याला आधार सापडला नाही. वजन एक म्हणून शरीर एक नसते, हे तर पुण्याच्या चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे राहिले. दोघांचा देहवस्तुमानांक २२.३, युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. या दोघांच्या ऊर्जाखर्चाला वजनाने भागून जो निष्कर्ष निघेल, तो कोणत्या तोंडाने छापायचा?

उंदरांचीही बाजू आहे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी आपल्या देशात कायदा आहे, प्रत्येक संस्थेत नीतिशास्त्र समिती आहे, आणि प्रयोगाच्या अर्जात प्राण्यांची संख्या का लागते याचे समर्थन द्यावे लागते. समिती संख्या विचारते; आकडे आल्यावर त्यांचे काय करणार, हे मात्र अनेकदा विचारत नाही. चुकीच्या विश्लेषणासाठी मारलेले साठ उंदीर, बरोबर विश्लेषणासाठी लागणाऱ्या ऐंशीपेक्षा स्वस्त नसतात. ते साठच्या साठ वाया गेलेले असतात. अर्जातच एक ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे : ऊर्जाखर्चाची तुलना करताना शरीराचे वजन, मेद आणि मेदरहित वजन यांचा हिशेब कसा धरणार? ज्याला ही ओळ भरता येत नाही, त्याने आधी पानसे-सुखात्मे उघडावे आणि मग पिंजरा.

प्रबंधाच्या परीक्षकांकडून अपेक्षा आणखी थोडी. दर किलोचा स्तंभालेख आला की त्यांनी उमेदवाराला मूळ आकड्यांची तालिका मागावी : कोणता उंदीर, किती ग्रॅम, त्यात मेद किती, दिवसाचा एकूण खर्च किती, खाल्ले किती, खोलीचे तापमान किती. मग फळ्यावर दोन अक्ष आखून ठिपके तेथेच मांडायला सांगावेत. वीस-पंचवीस ठिपक्यांना दहा मिनिटे पुरतात. दोन्ही गटांचे ठिपके एकाच रेषेवर येऊन बसले, तर उमेदवाराला एवढेच विचारावे की प्रबंधाच्या शीर्षकातील ‘चयापचय वाढवणारे’ हे शब्द या फळ्यावर नेमके कोठे आहेत.